चढावरचा धक्का

प्रिय बाळ्या,

पाकीट उघडताना एक काळा प्लास्टिकचा तुकडा खाली पडला असेल, तो आधी उचलून ठेव. कचरा नाही तो. वाचून झालं की त्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव. आणि पत्र कशाला, फोन का नाही, असं विचारू नकोस. फोनवर मी गाडीचं नाव काढलं रे काढलं की तुझं सुरू होतं, ताई हे बघ, ताई ते कर, आणि मी तोंड उघडायच्या आत तुझी मीटिंग सुरू झालेली असते. कागदाला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा खुर्चीत नीट बस आणि एकदा तरी माझं सगळं ऐकून घे.

बाबांनी गाडी चालवणं सोडलं त्याला बरेच महिने झाले, हे तुला माहीत आहे. माहीत काय, तूच सोडायला लावलीस. पण त्यानंतर इथे काय चाललंय ते तुला माहीत नाही. बाबा दुकानात येतात, मापं घेतात, खिडकीला पुट्टी लावतात, गिऱ्हाइकाशी हसून बोलतात. काच मात्र कापत नाहीत. काच कापायची हिरकणी हातात घेतात, पट्टी लावतात, आणि परत खाली ठेवतात. कापलेलीच काच मागवू म्हणतात. आपल्या बाबांना असं म्हणताना ऐकायचं म्हणजे काय ते तुला कळेल की नाही कोण जाणे. गाडी गेली तेव्हा मला वाटलं नुसती गाडीच गेली. पण ते मनाशी असं धरून बसलेत की पाय गेला तसा हातही जाणार, आज नाही तर उद्या. म्हणजे किल्लीबरोबर ते स्वतःलाही खुंटीवर टांगून बसलेत.

आता तू म्हणशील, काच फुटली होती ना? हो, फुटली होती. त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा आईने उगाच ती गोष्ट तुझ्यापाशी काढली, आणि तू स्पीकरवरच सुरू झालास. चढावर गिअर बदलताना गाडीने हिसका दिला, मागे काच उभी करायच्या स्टँडवरची काच गेली, म्हणजे बाबांचा पाय आता त्यांचं ऐकत नाही, उद्या माणूस आडवा आला तर काय, गाडी आता ताईने चालवावी. किती पटापट बोललास रे! मी आणि आई एकमेकींकडे बघत बसलो. मीही वर हो म्हटलं, कारण भीती मलाही वाटली होती.  बाबांनी खिशातून जुडगा काढला, दुकानाची किल्ली ठेवून घेतली, गाडीची तेवढी नखाने सोडवली आणि फोनशेजारी ठेवली. मग जेवायला बसले. आईने दुसऱ्या दिवशी ती किल्ली दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

तर मग मी ड्रायव्हर झाले. शिवणकाम अर्धवट, लोकांचे पडदे मशीनवर पडलेले, आणि मी आपली त्या जुन्या धुडाच्या स्टेअरिंगमागे. लोकांना मजा वाटायची. बाप खिडकीला काच लावतो आणि लेक तिच्यावर पडदा घालते, हे आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतंच, आता दोघं एकाच गाडीतून येतात म्हणून आणखी हसू. बाबा शेजारी बसायचे, हात मांडीवर. तुला आठवतं, ही सेकंडहँड गाडी त्यांनी ऑटोमॅटिकच का घेतली होती? तेव्हा सगळे हसले होते, सामान वाहायच्या गाडीला असली मिजास कशाला म्हणून. पण बाबांचं म्हणणं, क्लचचा एक धक्का म्हणजे एक काच. आपली आपण अलगद गिअर बदलणारी गाडी हवी, मागच्या काचेला कळताच कामा नये. आणि खरोखर कळायचंच नाही. आपण दोघं मागे बसून जायचो तेव्हा तू स्टँडला कान लावून बसायचास, काच वाजते का ते ऐकायला. कधी वाजली नाही.

माझ्या हातात आल्यावर पहिले काही दिवस ती गाडी बरी वागली. सकाळी तर शहाण्या मुलासारखी. पण दुपारी, चांगली गरम झाल्यावर, चढ लागला की गिअर बदलायचंच नाव नाही. इंजिन नुसतं किंचाळायचं, आणि मग एकदम धाडकन बदलायचा, की डोकंच मागे आपटायचं. मी नवशिकी, मला वाटायचं माझंच चुकतंय. बाबांनाही तेच वाटत असणार. बिचारे फक्त मागच्या काचेकडे वळून बघायचे. मी तुला फोन केला, आणि तू तिथे बसल्या बसल्या गिअरबॉक्सचा सर्जन झालास. तेल बघ म्हणालास. मी बघितलं, इंजिनचं बघतात तसं, सकाळी गाडी बंद असताना, पट्टी पुसून. तेल खुणेच्या बरंच वर. तुला सांगितलं, तू म्हणालास जास्त झालंय, काढून टाक. काढलं! नळी घालून, तोंडात दोनदा ते लाल तेल घेऊन काढलं. त्यानंतर गाडी सकाळीसुद्धा घसरायला लागली, गिअरमध्ये टाकली तरी विचार करत उभी राहायची. कपाळ माझं आणि तुझं.

मग मी गॅरेजला नेली. पहिल्या गॅरेजवाल्याने तिच्याकडे नीट बघितलंही नाही. जुनी गाडी, गिअरबॉक्स संपला, नवा टाका, नाहीतर भंगारात द्या, एवढं बोलून तो चहा प्यायला गेला. दुसऱ्याने कॉम्प्युटर आणला आणि तो कुठे जोडायचा ते शोधत गाडीखाली, डॅशबोर्डखाली, सीटखाली फिरला. त्या गाडीत कॉम्प्युटर जोडायला जागाच नाही, ती तुझ्याहून फार लहान नाही रे. तिसरा म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाचा तो नट्या, ज्याच्या प्रत्येक खिशात नट असतात आणि हवा तो कधीच नसतो. त्याने मात्र मला आधी झापलं. या गिअरबॉक्सचं तेल गाडी गरम करून, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून बघतात. बंद गाडीत सगळं तेल खाली उतरून येतं आणि पट्टीवर जास्तच दिसतं. म्हणजे आधी ते बरोबर होतं, आणि आपण दोघा विद्वानांनी ते काढून टाकलं होतं. त्याने पुन्हा भरलं, बोटावर घेऊन हुंगलं, पांढऱ्या फडक्यावर पुसून दाखवलं. लाल, स्वच्छ, जळका वास नाही. आतलं काही जळलं असतं तर तेल काळं पडलं असतं, वास आला असता. म्हणून त्याच्या मते आत बिघाड नाही. मग बाहेर कुठे आहे म्हटलं, तर डोकं खाजवून म्हणाला चालवून बघा आणि नेमकं केव्हा होतं ते नीट सांगा. तेल भरल्यावर सकाळचं घसरणं गेलं. दुपारचा धक्का जसाच्या तसा.

एवढ्यात घरात जे झालं ते लिहायला मला जड जातंय. आई एका दुपारी मला मागच्या खोलीच्या दाराशी घेऊन गेली आणि गप्प उभी राहा म्हणून खुणावलं. आत बाबा खुर्चीवर बसलेले. समोर जमिनीवर आपला घरातला वजनकाटा. त्यावर उजवा पाय ठेवून ते हळूहळू दाबत होते, काटा बघत होते, सोडत होते, परत दाबत होते. मला आधी कळेचना हे काय चाललंय. मग लक्षात आलं. पाय हलका ठेवला की गिअर लवकर बदलतो, जोरात दाबला की उशिरा, हे त्यांना आयुष्यभर ठाऊक. आता गाडी उशिरा बदलत होती, तेही दणका देऊन. म्हणजे आपला पाय आपल्याला न कळत जोरात पडतोय, असं त्यांनी धरून चाललेलं. तू तर तसं बोललाच होतास. म्हणून ते पायाची परीक्षा घेत होते, रोज, आईच्या म्हणण्याप्रमाणे. काटा जागचा हलत नव्हता बाळ्या. जिथे धरला तिथे धरलेला. आणि तरी त्यांचा त्या काट्यावर विश्वास बसत नव्हता, कारण त्यांच्या मुलाने वेगळं सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग मला तुझा इतका राग आला की भांडी घासायला घेतली.

पण त्या रागानेच डोकं चालू झालं. मी तशीच बाहेर आले आणि बाबांच्या पुढ्यात उभी राहिले. तुमचा पाय म्हातारा झाला म्हणून गाडी तुमच्या पायाला हिसके देते, बरं. मग माझ्या पायाला का देते? दोघांचे पाय एकदमच बिघडले, आणि तेही फक्त दुपारी? चढावरच?  बाबांनी काट्यावरून पाय काढला. मग कित्येक दिवसांनी त्यांच्या कपाळावर ती आठी आली, अवघड माप समोर आलं की येते ती. उठले, आणि दुकानातून काचेवर खुणा करायच्या मेणाच्या पेन्सिली घेऊन आले, पिवळी आणि लाल.

पुढचं ऐक, कारण हे बाबांखेरीज कुणाला सुचलंच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना मला तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर चालवायला लावलं. पाय एकाच जागी ठेवायचा, हलवायचा नाही. गिअर बदलला की ते पुढे वाकायचे आणि स्पीडोमीटरच्या काचेवर काटा असेल तिथे पिवळी रेघ मारायचे. मग गाडी तापेपर्यंत गावभर हिंडवली, परत त्याच रस्त्यावर, तोच पाय, आणि आता लाल रेघा. मग चढावर. मग मागे विटा भरून. मग माझा पाय जड पडतोय का ते बघायला मला चप्पल काढून चालवायला लावलं. लोकांना वाटलं असेल बापलेकीला वेड लागलं. माझे तर नाकी नऊ आले, आणि त्यांनी मला एवढं झापलं, जरा हलका, जरा हलका, ब्रेक नको, की शेवटी मी गाडी थांबवून म्हटलं, तुम्हीच चालवा ना मग.  त्यांनी किल्लीकडे बघितलंही नाही.

पण त्या रेघा तू बघायला हव्या होत्यास. पिवळ्या सगळ्या शिस्तीत, जिथे असायला हव्यात तिथे. लाल सगळ्या पुढे सरकलेल्या, पाय मुद्दाम हलका ठेवला तरीसुद्धा. बाबांनी काचेवर बोट ठेवून मला समजावलं. गिअरबॉक्सला पाय दिसत नाही. पाय हलका आहे की जड हे त्याला कुणीतरी सांगत असतं. थंड असताना तो निरोप बरोबर जातो. गरम झाल्यावर जातच नाही, आणि निरोप नाही म्हणजे पाय पुरता दाबलाय असं तो समजतो. आम्ही नट्याकडे गेलो. त्याने लगेच मान डोलावली, इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत हवा ओढणारी एक नळी असते, तीच हा निरोप नेते. गाडी वर उचलली, तापलेल्या गाडीत इंजिनाच्या टोकाला मीटर लावला, ओढ चांगली होती. गिअरबॉक्सच्या टोकाला लावला, काहीच नाही. म्हणजे मध्येच कुठेतरी अडलंय. नट्या नळीवरून हात फिरवत मागे मागे गेला आणि एका जागी थांबला. बाबांना बोलावलं, टॉर्च धरला.

तर बाळ्या, मागच्या खेपेला आलास तेव्हा तू गाडीला मागचा कॅमेरा बसवलास. बाबांना मागे घेताना दिसावं म्हणून, हौसेने, दिवसभर उन्हात गाडीखाली पालथा पडून. कुणाला हात लावू दिला नाहीस. त्या कॅमेऱ्याची निळी वायर तू मागून पुढे आणलीस आणि ती लोंबू नये म्हणून वाटेत जे सापडेल त्याला केबल टायने करकचून बांधत आणलीस. एक टाय त्या रबरी नळीला मारलास. थंड असताना रबर कडक, तग धरायचं. तापून मऊ झालं की टाय त्यात रुतायचा आणि नळी चिमटून बंद. पाकिटातून पडला तो तोच. मागचं दिसावं म्हणून एवढा खटाटोप, आणि त्याने पुढचं चालणंच बंद पाडलं. मी तिथेच कपाळाला हात लावला आणि हसले, खरं सांगते, नट्याही हसला. बाबा नाही हसले. त्यांनी पक्कडीने टाय कापला, नळी बदलायला सांगितली, तुकडा शर्टाच्या खिशात टाकला, आणि परत येताना मला बजावलं की हे त्याला सांगायचं नाही. पोराने मायेने केलं होतं, त्याला उगाच लागेल. तो तुकडा मला धुण्याच्या शर्टात सापडला. आणि मी सांगतेय. तुला लागायला हवंच आहे.

गाडी आता लोण्यासारखी चालते, दुपारी, चढावर, विटा भरून, कशीही. मला वाटलं सुटलो, आता उद्या सकाळी बाबा खुंटीवरची किल्ली घेणार. छे! ढिम्म. डोळे तपासून आणले, पाय तपासून घेतले, डॉक्टरबाई म्हणाल्या या वयात इतका घट्ट पाय क्वचित बघितलाय. तरी नाही. मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली तर ती त्यांनी परत टांगली. यावेळी नव्हतं तर पुढल्या वेळी खरं ठरेल, असं म्हणतात. तू म्हणालास म्हणून ठेवली, ती माझ्या म्हणण्याने उचलणार नाहीत, एवढा सरळ हिशेब आहे. आईने समजावलं, मी भांडले, नट्या येऊन चहा पिऊन गेला. हात टेकले मी.

आणि मग परवा सकाळी दुकानातून आवाज आला. हिरकणीचा, तो लांबलचक किर्र आवाज, इतक्या दिवसांनी. मी हातातली कात्री टाकून धावले. बाबांनी एक मोठी काच कापली होती आणि घोंगडीवर उभी करून तिच्या कडा घासत होते. खाली सरळ, वर अर्धगोल, कमानीसारखी. मी बघतच राहिले, कारण ती गोल कड मी आधी बघितली होती. चढावर फुटलेल्या काचेचे तुकडे मीच झाडले होते ना, त्यात हीच गोल कड होती, तेव्हा मला काही सुचलं नव्हतं. गिऱ्हाइकाची काच म्हणाले होते, आम्हीही कोणाची ते विचारलं नाही. आपल्या गावात कमानीची खिडकी कुणाची आहे सांग? कुणाचीच नाही. ती तुझ्या नव्या घराच्या जिन्यात आहे. तू फोटो दाखवला होतास, काच लावायला कंपनीवाले येतील, त्यांना वेळ नाही, सध्या प्लास्टिक लावलंय म्हणून. बाबांनी तुला माप विचारलं नाही, फोटोतल्या विटा मोजून त्यांनी ते काढलं. त्या दिवशी ते तुझ्याकडे येत होते बाळ्या, न सांगता, तुला चकित करायला. ती काच तुझी होती. आणि तिचे तुकडे गाडीत घेऊन ते परत आले त्याच संध्याकाळी तू फोनवर त्यांना चालवायचं बंद करा म्हणालास, आणि ती काच कुणासाठी होती हे त्यांनी सांगितलंच नाही.

आता त्यांचं म्हणणं, मी गाडी चालवावी, ते शेजारी बसतील, काच पोचवून येऊ. मी साफ नाही म्हटलंय. वाटेल तेवढे रुसू देत, मी त्या किल्लीला हात लावणार नाही. काच दुकानात घोंगडीखाली उभी आहे. तेव्हा पत्र संपवून लगेच फोन उचल. माझ्यासाठी नको, त्यांच्यासाठी. माफी मागत बसू नकोस, ते अवघडतील आणि काहीतरी दुसराच विषय काढतील. टायचं नाव काढू नकोस, मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस. एवढंच म्हण की बाबा, जिन्याची खिडकी अजून उघडीच आहे, प्लास्टिक रात्रभर फडफडतं, कंपनीच्या माणसांवर माझा भरवसा नाही, तुम्ही काच घेऊन या. गाडी तुम्हीच आणा, असं स्पष्ट म्हण, ताईबरोबर या असं चुकूनही म्हणू नकोस. आणि आम्ही आलो की दारात उभा राहा, मागच्या स्टँडला कान लाव, लहानपणी लावायचास तसा. मी शेजारी बसून येईन, हात मांडीवर ठेवून.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, आणि तरी तुझीच,

ताई